सैन्याच्या गाड्या आणि विमानं एकाच इंधनावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटोच्या ‘एकच इंधन’ धोरणाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न विषयाला नवख्या असणाऱ्यांसाठी आहेत. इंजिनाची जाण असलेल्यांनी थेट सातव्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘एकच इंधन’ म्हणजे नेमकं काय?

जमिनीवरच्या तळांवरून उडणारी विमानं, हेलिकॉप्टरं, रणगाडे, ट्रक, जनरेटर, अगदी लंगरातल्या (सैन्याच्या स्वयंपाकघरातल्या) शेगड्यासुद्धा युद्धभूमीवर एकाच प्रकारच्या इंधनावर चालवायच्या, हे ते धोरण. या इंधनाचा नाटोतला क्रमांक एफ-३४. अमेरिकी सैन्य त्यालाच जेपी-८ म्हणतं.

‘युद्धभूमीवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शांततेच्या काळात आपल्या देशात अनेक सदस्य राष्ट्रांच्या लष्करी गाड्या साधं डिझेलच भरतात आणि धोरणात त्याला जागा आहे. अट एवढीच, की वेळ येईल तेव्हा त्याच गाडीनं एफ-३४ वर बिनतक्रार चाललं पाहिजे. युद्धनौका यात येत नाहीत, त्याचं कारण प्रश्न ११ मध्ये.

२. जेपी-८ म्हणजे आपलं रॉकेलच ना?

कूळ तेच, पण चाळणी फार बारीक. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर प्रवासी विमानात भरलं जाणारं एटीएफ म्हणजे जेट ए-१. ते रॉकेलच्याच जातीचं, पण गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली आणि फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश, अशा अटी पाळूनच ते बाहेर पडतं. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीनं पेट घेण्याइतकी साचते ते तापमान. घरच्या स्टोव्हच्या रॉकेलला गोठणबिंदूची अशी परीक्षा द्यावी लागत नाही.

जेट ए-१ मध्ये तीन ॲडिटिव्ह घातली की जेपी-८ तयार होतं. पहिलं बर्फरोधक: इंधनात विरघळलेलं पाणी उंचीवर गोठून फिल्टर तुंबू नये म्हणून. टाकीच्या तळाशी वाढणाऱ्या बुरशीलाही ते आळा घालतं. दुसरं गंज रोखणारं आणि थोडं वंगणाचं काम करणारं. तिसरं स्थिर विजेचा भार साचू न देणारं, कारण जोरात पंपिंग चालू असताना एक ठिणगीही पुरते.

३. मग सगळ्यांनी डिझेलच का वापरू नये? ते तर जगभर मिळतं.

गाड्यांना चालेल, विमानांना नाही. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरचं तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं. साध्या डिझेलमधलं मेण त्याच्या कितीतरी आधी वेगळं होऊन फिल्टरमध्ये अडकतं. जेट इंजिनाचा ज्वलनकक्ष, नोझल, इंधनाच्या नळ्या हे सगळं केरोसिनच्या पातळपणाला धरून बेतलेलं असतं.

उलट बाजूनं पाहिलं, तर डिझेल इंजिन केरोसिनवर चालू शकतं: थोडी ताकद घटते, थोडी झीज वाढते, पण गाडी पुढे जाते. म्हणजे दोघांपैकी तडजोड एकालाच शक्य आहे. विमानाला जमत नाही म्हणून गाडीनं जुळवून घ्यायचं. पुढच्या जवळपास सगळ्या प्रश्नांचं मूळ या एकाच गोष्टीत आहे.

४. ही कल्पना कधी आणि कुठून आली?

मुळं दुसऱ्या महायुद्धापर्यंत जातात. अमेरिकेचे शेरमन रणगाडे बहुतेक पेट्रोलवर चालत, पण जुळ्या डिझेल इंजिनांचा एम४ए२ हा प्रकार मुद्दाम सोव्हिएत संघाला आणि अमेरिकी मरीन दलाला दिला गेला. सोव्हिएत टी-३४ डिझेलवर होते, आणि मरीनना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्याही डिझेलवर. ज्याच्याकडे जे इंधन आधीच पोहोचतंय, त्यावर चालणारं यंत्र त्याला द्या, हा विचार तेव्हाच होता.

युद्धानंतर मात्र पसारा वाढला. ट्रकना पेट्रोल, नव्या गाड्यांना डिझेल, पिस्टन इंजिनांच्या विमानांना वेगळं पेट्रोल आणि जेट विमानांना १९५१ पासून जेपी-४. हे जेपी-४ म्हणजे पेट्रोलजातीचा नाफ्था आणि केरोसिन यांचं मिश्रण. एका बॅरल कच्च्या तेलातून ते भरपूर निघायचं, म्हणून निवडलं गेलं. पण त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खूप खाली. गोळी लागलेली टाकी चटकन पेटायची. व्हिएतनाम युद्धातल्या अनुभवानं अमेरिकी हवाई दलाला हा धडा दिला, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या तळांवर जेपी-८ येऊ लागलं.

ऐंशीच्या दशकात नाटोनं ते दोन पायऱ्यांत स्वीकारायचं ठरवलं: आधी विमानांतलं जेपी-४ काढायचं, मग जमिनीवरचं डिझेल. अमेरिकी संरक्षण खात्याचा याविषयीचा आदेश मार्च १९८८ चा आहे. खुद्द अमेरिकेतल्या हवाई तळांवर बदल पुरा व्हायला नव्वदचं दशक अर्धं उलटलं. म्हणजे बदलाची पहिली ढकल सुरक्षिततेची होती. रसदीचा फायदा त्याच्या मागोमाग आला.

५. दोन प्रकारचे टँकर ठेवले तर एवढं काय बिघडतं?

कागदावर काही बिघडत नाही. रस्त्यावर बिघडतं.

दोन इंधनं म्हणजे दोन प्रकारच्या टाक्या, दोन पाइपलाइनी किंवा एकाच पाइपलाइनीत आळीपाळीनं दोन माल, दोन प्रकारच्या चाचण्या, दोन राखीव साठे. त्यात प्रत्येक साठा स्वतंत्रपणे कमी पडू शकतो: हेलिपॅडवर केरोसिन ओसंडतंय आणि शेजारच्या रणगाडा तुकडीला डिझेल नाही. एका एम१ एब्रम्स रणगाड्यात सुमारे १,९०० लिटर इंधन मावतं. अशा रणगाड्यांची एक तुकडी खोळंबली की तिच्यामागचे सगळे खोळंबतात. एकच इंधन असेल तर जवळ येणारा कोणताही टँकर कोणाचीही टाकी भरू शकतो आणि ‘हा टँकर कोणाचा?’ हे विचारण्यात वेळ जात नाही. मध्य युरोपात नाटोची पाच हजार किलोमीटरहून लांब पाइपलाइन फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनी या पाच देशांतून जाते. तिच्या टोकाला कोणत्याही देशाची तुकडी उभी असली, तरी बाहेर पडणारं इंधन तिच्या उपयोगाचं असणं, हा युतीच्या दृष्टीनं फार मोठा मुद्दा आहे.

आणि माणसं. इंधन वाहून नेणारा ताफा हे शत्रूचं आवडतं लक्ष्य. अमेरिकी सेनेच्या पर्यावरण धोरण संस्थेनं २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००७ सालच्या अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक सैनिक किंवा कंत्राटी कामगार मृत किंवा जखमी होत होता. ‘एकच इंधन’मुळे लागणारं इंधन कमी होत नाही, हे खरं. पण चुकीच्या इंधनाचा टँकर परत पाठवणं आणि योग्य इंधनासाठी वेगळी फेरी काढणं टळतं. टळलेली प्रत्येक फेरी म्हणजे त्या रस्त्यावर न गेलेले काही ड्रायव्हर. माझ्या मते या धोरणाची बाजू घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. इंजिनाच्या तक्रारी त्यापुढे दुय्यम ठरतात.

६. सगळं सैन्य एकाच इंधनावर अवलंबून ठेवणं धोक्याचं नाही का?

आहे. एका साठ्यात पाणी किंवा घाण शिरली, तर विमानं आणि रणगाडे दोन्ही एकदम थांबू शकतात. शिवाय रिफायनरीतून डिझेलपेक्षा केरोसिन कमी निघतं आणि त्यासाठी प्रवासी विमान कंपन्यांशी स्पर्धा असते. म्हणूनच नियमावलीत पर्याय लिहून ठेवलेले असतात: मुख्य इंधन, त्याच्या जागी चालणारं, आणि अगदी नाइलाजानं काही तासांपुरतं चालणारं. गाड्या डिझेल पचवू शकतात ही इथे जमेची बाजू. केरोसिन तुटलं, तर आहे ते विमानांना आणि डिझेल गाड्यांना, अशी विभागणी करता येते.

७. डिझेल इंजिनात जेपी-८ घातलं तर इंजिन खराब होतं का?

इंजिनाचा मुख्य भाग सहसा होत नाही. त्रास होतो तो इंधन पंपाला.

डिझेल जाड आणि निसरडं असतं. ४० अंशांना त्याची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक, तर केरोसिनची एक-दीडच्या आसपास. जुन्या ‘इन-लाइन’ पंपांना इंजिन ऑइलचं वंगण वेगळं मिळतं, त्यांना फारसा फरक पडत नाही. फिरत्या वितरक पंपात मात्र आतल्या भागांचं वंगण म्हणजे इंधनच. अमेरिकी सैन्याच्या हमव्ही गाडीच्या ६.२ आणि ६.५ लिटर इंजिनांवर असेच पंप होते. आखातात कोरडं, म्हणजे ॲडिटिव्ह न घातलेलं, जेट ए-१ भरल्यावर त्यांच्या झिजेच्या तक्रारी आल्या, आणि कडक झीज सोसणाऱ्या सुट्या भागांचे संच बसवावे लागले. दुसरी तक्रार गरम इंजिनाची: वाळवंटात तापलेल्या पंपात पातळ इंधन आतल्या आत निसटतं, पुरेसा दाब तयार होत नाही आणि बंद केलेली गाडी पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते.

जुन्या रबरी सीलचाही प्रश्न असतो. वर्षानुवर्षं डिझेलमध्ये फुगलेलं सील केरोसिनमध्ये आकसतं आणि गळू लागतं. सील बदलला की विषय संपतो.

आता दुसरी बाजू. टेक्ससमधल्या फोर्ट ब्लिसवर १९८९ ते १९९१ या काळात अडीच हजारांहून अधिक गाड्या आणि यंत्रं जेपी-८ वर चालवून पाहिली गेली. व्यापक बिघाड आढळले नाहीत. केरोसिन स्वच्छ जळतं, नोझलवर थर कमी बसतो, थंडीत इंजिन लवकर सुरू होतं, आणि साठवलेलं इंधन मेणामुळे वाया जात नाही. ज्यांना वंगण आणि सीटेन दोन्ही वाढवून हवं, त्यांच्यासाठी एफ-३४ मध्ये आणखी एक ॲडिटिव्ह घालून केलेलं एफ-६३ आहे. ते फक्त गाड्यांसाठी. सीटेनबद्दल प्रश्न १६ पाहा.

८. ताकद आणि ॲव्हरेज किती घटतं?

लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण ३ ते ५ टक्के कमी, कारण केरोसिन हलकं आहे. किलोमागे मोजलं तर फरक जवळपास नाही. पण पंप इंधन मापतो ते आकारमानानं, म्हणून पूर्ण भाराखाली ताकद तेवढीच घटते आणि झिजलेल्या पंपात अंतर्गत गळतीमुळे थोडी जास्त. सपाट रस्त्यावर जाणवत नाही, चढावर भरलेला ट्रक नेणाऱ्याला जाणवते.

९. आखाती युद्धात काही तुकड्यांनी पुन्हा डिझेल मागितलं, ते का?

मुख्य कारण धूर. त्या काळच्या अमेरिकी रणगाड्यांत आणि चिलखती गाड्यांत गरम एक्झॉस्टवर इंधन फवारून दाट पांढरा पडदा तयार करण्याची सोय होती. डिझेलची वाफ बाहेर पडताच थिजून धुकं होतं. केरोसिनची वाफ विरून जाते, पडदा उभाच राहत नाही. शत्रूच्या नजरेआड होण्याचं एक साधन हातातून गेलं. पुढे जेपी-८ वर ही यंत्रणा वापरायची नाही आणि धुराच्या नळकांड्यांवर भर द्यायचा, असा मार्ग निघाला.

त्याआधी डिसेंबर १९८९ मध्ये पनामातल्या मोहिमेत जेपी-५ (नौदलाच्या विमानांचं इंधन, प्रश्न ११ पाहा) हे सामाईक इंधन म्हणून वापरलं गेलं होतं. सौदी अरेबियात यजमान देशाकडून जेट ए-१ मुबलक मिळत होतं, पण डिझेलही मिळत होतं. पर्याय समोर असताना अनेक तुकड्यांनी ओळखीचं इंधन घेतलं, हेही खरं.

१०. मल्टिफ्युएल इंजिनं आहेत की. मग एकाच इंधनाचा हट्ट कशाला?

एब्रम्सचं १,५०० अश्वशक्तीचं टर्बाइन डिझेल, केरोसिन, गरजेला पेट्रोलही घेतं. टी-७२ रणगाड्याचं व्ही-४६ इंजिनही डिझेल, केरोसिन आणि कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालण्यासाठी बेतलेलं आहे. पण इंजिन सर्वभक्षी असलं, तरी पुरवठा करणाऱ्याचं ओझं कमी होत नाही. त्याला शेजारच्या हेलिकॉप्टरसाठी वेगळा टँकर आणावाच लागतो. मल्टिफ्युएल इंजिन हा अडचणीच्या वेळचा आधार आहे, रोजच्या पुरवठ्याची व्यवस्था नाही.

११. नौदल यात का नाही?

जहाजाच्या पोटात हजारो टन इंधन आणि त्याच्यावर माणसं झोपतात. ३८ अंशांचा फ्लॅश पॉइंट तिथे चालत नाही, किमान ६० अंश लागतो. विमानवाहू नौकांवरच्या विमानांसाठी म्हणून जेपी-५ आहे, नाटोचा क्रमांक एफ-४४. जहाजांची इंजिनं एफ-७६ या जड डिझेलवर चालतात.

६० अंशांनी आग अशक्य होत नाही. २९ जुलै १९६७ रोजी यूएसएस फॉरेस्टल या अमेरिकी विमानवाहू नौकेवर चुकून सुटलेल्या रॉकेटनं विमानाची टाकी फुटली, सांडलेलं जेपी-५ पेटलं आणि १३४ माणसं गेली. त्याहून ज्वालाग्राही इंधन तिथे ठेवायला नौदल तयार होत नाही, ते उगाच नाही. जेपी-५ जमिनीवरच्या गाड्या आणि विमानांना चालतं, उलट मात्र चालत नाही. भारतीय नौदलाचीही जहाजावरच्या विमानांसाठी जास्त फ्लॅश पॉइंटच्या इंधनाची हीच वाट आहे. गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंस तळावरची मिग-२९के विमानं नौकेवर उतरतात, तेव्हा त्यांना जहाजाचाच नियम लागू होतो.

१२. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या वस्तूंचं काय?

धोरणाची सर्वांत चिवट अडचण हीच. मोठी यंत्रं जुळवून घेतात. मोटारसायकल, छोटा जनरेटर, होडीचं आउटबोर्ड इंजिन आणि ड्रोन घेत नाहीत, कारण ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनात केरोसिन नीट वाफत नाही. मग चार कॅन पेट्रोलसाठी स्वतंत्र साखळी सांभाळावी लागते.

त्यामुळे इंजिनंच बदलली गेली. अमेरिकी मरीन दलानं कावासाकीच्या सांगाड्यावर डिझेल आणि जेपी-८ वर चालणारी मोटारसायकल घेतली. लंगरातले पेट्रोलचे बर्नर जाऊन जेपी-८ वर चालणारे आले. प्रीडेटर ड्रोनला विमानी पेट्रोल लागायचं. त्याचाच लष्करी वारस ग्रे ईगल जेपी-८ पिणाऱ्या डिझेलजातीच्या इंजिनावर उडतो.

१३. कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्ये केरोसिन मिसळतात, ते यातच येतं का?

हो, आणि त्याला नाटोत स्वतंत्र क्रमांक आहे: एफ-६५, म्हणजे डिझेल आणि एफ-३४ समसमान. मेण धरण्याचं तापमान त्यानं खाली येतं. फक्त गाड्यांसाठी.

१४. नव्या गाड्यांची बीएस-६ किंवा युरो-६ इंजिनं जेपी-८ वर चालतील?

नागरी रूपात नाहीत. जेपी-८ मध्ये गंधक वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३,००० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-६ डिझेलला मर्यादा १० पीपीएमची. एवढ्या गंधकानं धूर गाळणारा फिल्टर आणि कॅटॅलिस्ट निकामी होतात. म्हणून अमेरिकेत युद्धाच्या गाड्यांना प्रदूषण नियमांतून राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणानं सूट मिळते आणि त्यांची इंजिनं या उपकरणांशिवाय बनवली जातात. बाजारातलं इंजिन थेट उचलून लष्करी गाडीत बसवणं यामुळे दरवर्षी अवघड होत चाललंय. इंजिनांच्या बाजूनं या धोरणापुढचं हे खरं संकट आहे, आणि त्याच्यावर पुरेशी चर्चा होत नाही.

१५. जेपी-८ नसेल, तर विमानतळावरचं साधं एटीएफ चालतं का?

चालतं, आणि आता तेच वाढतंय. ॲडिटिव्हशिवायचं जेट ए-१ नाटोत एफ-३५ म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेनं देशांतर्गत तळांवर २०१० नंतरच्या काळात जेपी-८ ऐवजी बाजारात सहज मिळणारं जेट ए घेऊन त्यात आपणच ॲडिटिव्ह घालायला सुरुवात केली. ते एफ-२४. फरक गोठणबिंदूचा: जेट ए चा उणे ४०.

मध्य आशियात रशियन टीएस-१ मिळतं. त्याचा फ्लॅश पॉइंट २८ अंशांपासून, गोठणबिंदू उणे ५० च्या आसपास. किर्गिझस्तानच्या मानस तळावरून उडणाऱ्या अमेरिकी विमानांनी तेच वापरलं.

१६. शाश्वत विमान इंधन आलं तर गाड्यांचं काय होईल?

सीटेन म्हणजे दाबाखाली इंधन किती लवकर पेट घेतं त्याचं माप. टर्बाइनला त्याच्याशी कर्तव्य नाही, म्हणून जेपी-८ च्या मूळ निकषात सीटेनची किमान अट नव्हती. खनिज केरोसिनचं सीटेन साधारण ४० च्या वरच असतं, त्यामुळे निभावलं. तेल-चरबीपासून बनवलेल्या जैवकेरोसिनचं सीटेन उत्तम असतं. अल्कोहोलपासून बनवलेल्या काही प्रकारांचं मात्र २० च्याही खाली. विमान मजेत उडेल, ट्रक सुरूच होणार नाही. म्हणून कृत्रिम इंधन मिसळलेल्या जेपी-८ ला आता किमान ४० ची अट आहे.

भारतात १७ डिसेंबर २०१८ रोजी हवाई दलाच्या एएन-३२ नं जट्रोफापासून केलेलं जैवइंधन मिसळून पहिलं उड्डाण केलं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं बनवलेल्या इंधनाच्या मिश्रणावर १९ मे २०२३ रोजी पुणे–दिल्ली प्रवासी विमान गेलं. आपल्याकडे गाड्या आणि विमानं वेगळ्या इंधनांवर असल्यानं सीटेनचा पेच इथे पडत नाही.

१७. भारतीय सैन्य एकच इंधन का वापरत नाही?

आपली विमानं एटीएफवर, गाड्या डिझेलवर. नाटोला हे धोरण लागलं कारण अनेक देशांची सैन्यं परक्या भूमीवर एकमेकांचं इंधन घेणार होती. आपलं सैन्य मुख्यतः आपल्याच हद्दीत, आपल्याच तेल कंपन्यांच्या डेपोंवर विसंबून लढतं. डिझेल सीमेच्या बऱ्याच जवळ मिळतं.

लडाख हा अपवाद मानावा असं मला वाटतं. तिथे लांबच लांब घाट, हिवाळ्यात बंद होणारे रस्ते आणि गोठणारं डिझेल, हे तिन्ही एकत्र येतात. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं, तो एक मार्ग. बराकीतल्या बुखारीसाठी (खोली तापवणाऱ्या शेगडीसाठी) रॉकेल आणि हेलिकॉप्टरसाठी एटीएफ तिथे जातंच. निदान तेवढ्या भागापुरता एका इंधनाचा हिशेब मांडून पाहायला हवा. ऑगस्ट २०१६ च्या भारत–अमेरिका रसद करारानंतर एकमेकांकडून इंधन घेणं सोपं झालंय, तेव्हा कोणतं कशाला चालतं हे आपल्यालाही जाणून घ्यावं लागेल.

१८. मग माझ्या जीपमध्ये किंवा ट्रॅक्टरमध्ये एटीएफ किंवा रॉकेल टाकलं तर?

टाकू नका. आजच्या कॉमन रेल पंपांचं वंगण इंधनच असतं आणि दाब जुन्या पंपांपेक्षा कितीतरी जास्त. प्रश्न ७ मधली झीज इथे फार लवकर होते, आणि पंप-इंजेक्टरचा खर्च तुमच्या खिशातून जातो. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ करून विकणं २००५ च्या केंद्रीय आदेशानुसार गुन्हा आहे.

१९. इंधन एकच, तर रणगाड्याच्या टाकीतलं काढून हेलिकॉप्टरमध्ये भरता येईल का?

नाही. इंधन विमानाकडून गाडीकडे जाऊ शकतं, गाडीकडून विमानाकडे नाही. गाडीच्या टाकीत धूळ, गंज, पाणी आणि आधीच्या डिझेलचा अंश असतो. रस्त्यावरच्या डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर प्रश्न आणखी बिकट: विमानाच्या इंधनात त्याची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅम, आणि नळीत राहिलेला पातळ थरही ती ओलांडू शकतो. एफ-६३ आणि एफ-६५ चंही तसंच. एकदा डिझेल वाहिलेला टँकर साफ करून, तपासणी करून, कागदावर सही झाल्याशिवाय हेलिपॅडवर घेत नाहीत. तपासणीत नापास झालेलं विमानी इंधन फेकून मात्र देत नाहीत. बिघाड गाडीला न बाधणारा असेल, तर त्याची पत उतरवून ते गाड्यांना दिलं जातं.